डायनरमध्ये विचारून खावं : न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

दर ऑगस्टमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतणी इकडे शिकायला येते. पहिले पंधरा दिवस ओक ट्री रोडवरचा, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावरचा, डोसा आणि बॅगेतून आणलेलं मेतकूट यांवर निघतात. मग एखाद्या शनिवारी मी त्या मुलांना गाडीत घालते आणि डायनरमध्ये, म्हणजे इथल्या साध्या अमेरिकन खाणावळीत, नेते. बाहेरून चकाकता पत्रा, लाल-निळे निऑन दिवे, आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आणि लाल रेक्झिनची बाकं. मुलं फोटो काढतात, खूश होतात, आणि वाढणारी बाई वही घेऊन समोर उभी राहिली की एकदम गप्प होतात. ती चार प्रश्न विचारते, ही चारही वेळा "येस" म्हणतात. मग ताटात जे येतं ते निमूट खातात, कारण पानात काही टाकायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं.

डायनर हे विचारून आणि सांगून खायचं ठिकाण आहे. इथे तुम्ही जितकं नेमकं सांगाल तितकं चांगलं जेवाल, आणि त्याचा कुणालाही राग येत नाही. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी लिहिते आहे.

आधी जागा निवडा

डायनर म्हणजे आगगाडीचा जुना डबा आणून ठेवलाय, असं पुष्कळांना वाटतं. तसं क्वचितच असतं. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोड्याच्या गाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. त्या गाड्या पुढे मोठ्या होत गेल्या, एका जागी थांबल्या, आणि विसाव्या शतकात कारखान्यात तयार होऊ लागल्या. अख्खा डायनर कारखान्यातून बांधून निघायचा आणि रस्त्याने किंवा रेल्वेने जागेवर पोचायचा. वाटेत मावायला हवा म्हणून तो अरुंद आणि लांब. जेरी ओ'माहोनी यांच्या कंपनीसारखे मोठे कारखाने न्यू जर्सीतच होते, म्हणून या राज्यात पावलोपावली डायनर दिसतात. समिट गावातला समिट डायनर त्याच कंपनीचा, १९३० च्या दशकाच्या अखेरचा. जर्सी सिटीतला व्हाइट माना तर १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बांधला होता, नंतर इथे आणला.

दुसरा प्रकार म्हणजे रेट्रो डायनर: इमारत नवी, सजावट १९५० च्या दशकाची. जॉनी रॉकेट्स ही साखळी १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेलरोज ॲव्हेन्यूवर सुरू झाली, ती या प्रकारातली. जुनं ते खरं आणि नवं ते नकली, असं मी मानत नाही. उलट पहिल्या खेपेला रेट्रो जागा सोपी जाते. मेन्यू आटोपशीर असतो, बर्गर, फ्राइज आणि शेक हाच मुख्य माल असतो. जुन्या डायनरचा मेन्यू वहीएवढा जाड. त्यातले कितीतरी डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवले, म्हणून पॅनकेकच्या शेजारच्या पानावर स्पानाकोपिटा, म्हणजे पालक आणि फेटा चीजची पापुद्र्याची वडी, सापडते.

एक सांभाळा. रात्रभर उघडं असणं ही डायनरची जुनी ओळख, पण कोविडनंतर अनेकांनी वेळ आटोपती घेतली आहे. रात्री उशिरा निघणार असाल तर आधी फोन करा.

कुठे बसायचं

दारात पाटी वाचा. थांबा असं लिहिलं असेल तर थांबायचं, कुणीतरी येऊन किती जण आहात विचारतं आणि जागा दाखवतं. हवं तिथे बसा अशी पाटी असेल तर सरळ बसावं. एकटे असाल तर काउंटरवरच्या गोल फिरत्या स्टुलावर बसा, हे माझं ठाम मत आहे. समोर तवा दिसतो. इथे त्याला ग्रिडल म्हणतात: लोखंडाचा सपाट, दोन-तीन हात लांब तवा. त्यावर एका बाजूला अंडी, मध्ये कांदा, दुसऱ्या बाजूला बर्गर. कांदा चुरचुरल्याचा वास, उलथन्याचा आवाज, आणि एकाच वेळी सहा ऑर्डरी डोक्यात ठेवणारा स्वयंपाकी. आपल्याकडे बुर्जी-पावच्या गाडीसमोर उभं राहून बघण्यात जे सुख आहे तेच हे. शिवाय तव्यावर कशाशेजारी काय शिजतंय ते डोळ्यांनी दिसतं, आणि ते पुढे कामाला येतं.

चौघं असाल तर समोरासमोरच्या बाकांचा बूथ घ्या. काही बूथमध्ये भिंतीला छोटी गाण्यांची पेटी असते, पानं उलटून गाणं निवडायची. चालू आहे का ते विचारून मगच नाणं टाका.

बसल्याबसल्या पाणी येतं, त्यात अर्धा ग्लास बर्फ. नको असेल तर "नो आइस, प्लीज" एवढं पुरतं. वाढणारी बाई तुम्हाला "हनी" किंवा "स्वीटहार्ट" म्हणेल. दचकू नका. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी "काय पाहिजे गं बाळा" म्हणतात तसं आहे ते.

मेन्यूतले शब्द

हॅम्बर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस, नसतं. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं आहे. अमेरिकेत नुसतं बर्गर किंवा हॅम्बर्गर लिहिलं असेल तर ते गोमांसच. भारतात आपण चिकन बर्गर म्हणतो, इथे तोच पदार्थ चिकन सँडविच या नावाखाली असतो. बर्गरच्या यादीत शोधत बसलात तर मिळणार नाही. माझा भाचा पहिल्या वेळी अख्खं पान तीनदा वाचून "मावशी, यांच्याकडे चिकनच नाही" म्हणाला होता. चिकन पुढच्या पानावर होतं.

टर्की बर्गर मात्र बर्गरच्याच यादीत असतो. टर्की हा कोंबडीसारखाच, पण मोठा पक्षी. मी गोमांस खात नाही, कोंबडी खाते, आणि माझं नेहमीचं टर्की बर्गरवर भागतं. टर्कीचं मांस कोरडं पडतं, म्हणून त्यावर चीज आणि तव्यावर परतलेला कांदा मागून घ्या.

आता न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडचा खास शब्द: डिलक्स. नुसता चीजबर्गर मागितला तर पाव, मांस आणि चीज येईल, बाकी ताट रिकामं. चीजबर्गर डिलक्स म्हटलं की सोबत फ्राइज, लेट्यूसचं पान, टोमॅटोची चकती, बहुधा कोलस्लॉ म्हणजे मेयोनेजमधली कोबीची कोशिंबीर, आणि पिकल. पिकल म्हणजे लोणचं समजून घास मोठा घेऊ नका. ती मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात मुरवलेली काकडी असते. आंबट, खारट, शेपूच्या वासाची. बर्गरच्या तुपकट घासानंतर तिचा तुकडा फार छान लागतो.

मग प्रश्न सुरू होतात. चीज कुठलं? अमेरिकन म्हणजे मऊ, पिवळं, लगेच वितळणारं. बर्गरवर मला तेच आवडतं. स्विस किंचित गोडसर, चेडर जरा तिखट चवीचं. कांदा कच्चा की परतलेला? परतलेला घ्या. सूप की सॅलड? हे इतक्या घाईत विचारतात की "सुपर सॅलड" असं ऐकू येतं आणि मुलं "येस" म्हणून मोकळी होतात. दोन्हींपैकी एक निवडायचं असतं.

गोमांस खाणाऱ्यांना आणखी एक प्रश्न येतो: किती शिजवू? मीडियम म्हणजे आत गुलाबी, वेल डन म्हणजे पूर्ण शिजलेलं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे की खिम्याचं मांस आतून १६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजावं. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या बाजूला असतात आणि तव्यावर मरतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर वेल डनच सांगा.

शाकाहारी असाल, किंवा गोमांस चालत नसेल

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

मी आले त्या पहिल्या हिवाळ्यात डिस्को फ्राइज मागवल्या होत्या. न्यू जर्सीचा हा लाडका पदार्थ: जाड फ्राइजवर वितळलेलं मोझरेला चीज आणि वर तपकिरी ग्रेव्ही. बटाटा, चीज, ग्रेव्ही, यात विचारायचं काय, असं मला वाटलं. अर्धं ताट संपल्यावर नवऱ्याला शंका आली आणि त्याने विचारलं. ग्रेव्ही गोमांसाच्या रसाची होती. मला फार वाईट वाटलं, त्या रात्री झोप लागली नाही. चूक त्या डायनरची नव्हती. इथे तपकिरी ग्रेव्ही म्हणजे मांसाचा रस हे सगळ्यांना ठाऊक असतं, मला नव्हतं. आता मी त्याच फ्राइज ग्रेव्हीशिवाय, नुसत्या चीजच्या मागवते.

म्हणून विचारायच्या गोष्टी. फ्राइज कशात तळता? बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण काही जागा मुद्दाम गोमांसाच्या चरबीत तळतात. त्याच कढईत चिकन किंवा मासे तळता का? पुष्कळदा हो. फ्राइजवर काही मसाला किंवा अर्क आहे का? हा प्रश्न फाजील नाही. मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये वनस्पती तेलावर गेल्याचं जाहीर केलं, पण अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद राहिला. २००१ मध्ये त्यावरून हिंदू आणि शाकाहारी लोकांनी खटला भरला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचं मान्य करत तडजोड केली. कुणीतरी विचारलं म्हणून हे सगळं उजेडात आलं.

व्हेजी बर्गरच्या वड्या बहुतेक डायनरमध्ये तयार, गोठवलेल्या येतात. त्यात अंड्याचा पांढरा भाग असू शकतो. पावातही अंडं असू शकतं, विशेषतः तो ब्रिओश, म्हणजे अंडं-लोणी घातलेला मऊ पाव, असेल तर. आणि वडी भाजली जाते त्याच लांब तव्यावर, जिथे शेजारी बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, चरचरत असतं. माझ्या सासूबाई पक्क्या शाकाहारी. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "अहो आई, इथे तुमच्यासाठी नुसती फळं मागवू या." त्या म्हणाल्या, "का? विचारून तर बघ." मी विचारलं. वाढणारी बाई आत गेली, वड्यांचा खोकाच घेऊन आली आणि घटकांची यादी आमच्यासमोर धरली. अंड्याचा पांढरा भाग होता. मग तिनेच सुचवलं की ग्रिल्ड चीज सँडविच वेगळ्या पॅनमध्ये करून देते, पावात अंडं नाही. आईंनी ते टोमॅटो घालून खाल्लं, आणि त्यानंतर प्रत्येक मुक्कामात डायनरला जायचा हट्ट त्यांचाच असतो.

तर वाक्य पाठ करा: "आय डोन्ट ईट मीट ऑर एग्ज. कॅन यू मेक इट इन अ सेपरेट पॅन?" काही ठिकाणी गर्दीत जमत नाही, मग तसं ते सांगतात. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा रस असतो, जेल-ओ नावाच्या थरथरत्या जेलीत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असतं. ग्रीक सॅलड, बेगल, ओटमील, भाजलेला बटाटा यांवर पोट भरतं.

फ्राइज

फ्राइज बारीक, जाड, नागमोडी, जाळीदार अशा बऱ्याच असतात. चांगली फ्राय दोनदा तळलेली असते. पहिल्यांदा कमी आचेवर, आतला बटाटा मऊ होण्यापुरती, मग जास्त आचेवर, बाहेरचं कवच कुरकुरीत होईपर्यंत. ताटात आल्यावर आतली वाफ त्याच कवचात मुरते आणि दहा मिनिटांत फ्राय मऊ पडते. म्हणून फ्राइज आल्या की फोटो बाजूला ठेवा आणि आधी त्या खा. बर्गर थांबतो, फ्राइज थांबत नाहीत. मागवतानाच "फ्राइज वेल डन" म्हणालात तर थोडा वेळ जास्त तळून देतात. आपल्या कुरकुरीत भज्यांच्या जिभेला त्या नक्की आवडतील.

केचप काचेच्या बाटलीत असेल तर बाटलीच्या बुडावर थापट्या मारू नका. हाइन्झच्या बाटलीच्या मानेवर ५७ हा आकडा कोरलेला असतो. बाटली तिरकी धरून त्या आकड्यावर तळहाताने हलके ठोकायचं. केचपला धक्का बसला की तो पातळ होतो आणि वाहतो. तिखट हवं असेल तर हॉट सॉस आणि हालापेन्यो मिरच्या मागा. मागितल्याशिवाय त्या येत नाहीत.

प्यायला काय

मिल्कशेक घ्यायचाच. जाड, आइस्क्रीमचा, उंच ग्लासात. चांगल्या जागी ज्या पत्र्याच्या भांड्यात तो घुसळला ते भांडंही शेजारी ठेवतात, त्यात आणखी अर्धा ग्लास उरलेला असतो. दोघांत एक पुरे. मेन्यूत माल्टेड दिसलं तर तेच निवडा. त्यातली माल्टची पावडर म्हणजे आपल्या ओळखीचं हॉर्लिक्स. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक हे इंग्रज भाऊ विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात आले आणि तिथे त्यांनी ते बनवलं, १८८३ मध्ये पेटंट घेतलं. लहानपणी चमच्याने कोरडं हॉर्लिक्स खाल्लेल्या प्रत्येकाला ही चव पहिल्याच घोटाला ओळखू येते.

एग क्रीममध्ये अंडं नसतं आणि सायही नसते. दूध, चॉकलेट सिरप आणि सोडा, एवढंच. शाकाहारी मंडळींनी नावाला घाबरू नये. रूट बिअरमध्ये दारू नसते, पण पहिल्या घोटाला आयोडेक्सची आठवण येईल. दोन्हींत विंटरग्रीन या सुगंधी वनस्पतीचा वास असतो. आधी दुसऱ्याच्या ग्लासातला घोट घेऊन बघा. कॉफी पातळ असते आणि बहुतेक ठिकाणी कप पुन्हा पुन्हा भरतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुरे झाली की कपावर हात धरा.

खायचं कसं

हातानेच. काट्या-चमच्यांची भीती असेल तर डायनर त्यासाठी उत्तम जागा आहे. वडापाव खाणाऱ्याला बर्गर शिकवायला नको, पण एक फरक आहे. वडापावचा पाव बाजूला जोडलेला राहतो, बर्गरचे दोन भाग सुटे, आणि आत रस. आल्याआल्या वरचा पाव तळहाताने अलगद दाबा, म्हणजे थर एकमेकांना धरतात. मग सुरीने मधोमध कापून घ्या. मला हीच रीत बरी वाटते. अख्खा धरायचा असेल तर अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकी बोटं वर. एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही, नाहीतर खालचा पाव रसाने भिजून फाटतो. टोमॅटो घसरत असेल तर काढून वेगळा खा. सॉस पावाला लावा, वरून ओतू नका.

बिल आणि टिप

बिल टेबलावर ठेवतात किंवा मागावं लागतं. जुन्या डायनरमध्ये ते घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं, तिथे पैसे भरायचे. मेन्यूतल्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के.

टिप ही मर्जीची गोष्ट समजू नका. केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. न्यू जर्सीत ते त्याहून जास्त आहे, पण घर टिपवरच चालतं. कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के द्या. खाणं ४० डॉलरचं झालं तर कर २ डॉलर ६५ सेंट, टिप ८ डॉलर, एकूण ५० डॉलर ६५ सेंट. तुमच्या दहा शंकांची उत्तरं देणारी, आत जाऊन खोका आणणारी बाई याच पैशांवर जगते. नुसत्या कॉफीवर तासभर बसलात तर टक्केवारीचा हिशोब न करता दोन-तीन डॉलर ठेवा. शक्य असेल तर रोख, टेबलावर.

उरलं तर

उरणारच. ताटं मोठी असतात. पानात टाकायचं नाही म्हणून पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ नका, "कॅन आय गेट अ बॉक्स?" म्हणा. इथे त्यात कमीपणा नाही, शेजारच्या टेबलावरही खोके भरताना दिसतील. बर्गरमधली लेट्यूस आणि टोमॅटो काढून वेगळी ठेवा, पिकल कागदात गुंडाळा, आणि घरी पोचल्यावर सगळं लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी फ्राइज मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामड्यासारख्या होतात. पोळीचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवा, तेल न घालता फ्राइज एका थरात पसरा, चार-पाच मिनिटांनी उलटा. वरून चिमूटभर मीठ, लाल तिखट आणि थोडं लिंबू.